दारातली बादली

आमच्या घराच्या दारात एक बादली असायची. लोखंडी, जाड कड्याची, शेजारी पितळी तांब्या. तुळजापुरात देवीच्या दर्शनाला आलेले ओळखीपाळखीचे लोक आमच्याकडं उतरायचे आणि ती बादली बघून खूश व्हायचे. "वा, काय सोवळं आहे!" म्हणायचे. मग पाय धुवायचे, हात कोपरापर्यंत धुवायचे, ज्या तांब्यानं धुतलं तो तांब्या धुवायचे, आणि ज्या फरशीवर उभं राहून हे सगळं केलं तीही धुवायची, मगच आत. शारदावहिनी दाराआडून बघत असायच्या. काही चुकलं की पहिल्यापासून सुरू. मंगळवेढ्याचे एक आजोबा इतके चुकले, इतके चुकले, की शेवटी वहिनींना बाहेरूनच नमस्कार करून निघून गेले. जाताना शेजाऱ्यांना सांगत होते, "असं घर आता राहिलं नाही बघा."

मी त्या घरातली धाकटी जाऊ. तहसीलात कारकून आहे. दिवसभर लोकांवर खेकसायचं आणि संध्याकाळी घरी येऊन बादलीशी झटायचं, असा माझा संसार. वहिनी थोरल्या. त्यांचे यजमान म्हणजे आमचे अण्णा, शाळेत गणित शिकवायचे, आता रिटायर झालेत. माणूस मोजकं बोलणारा. रोज पहाटे ती बादली तेच भरून ठेवायचे, इतकी वर्षं, एका शब्दानं न कुरकुरता.

आजाराला सोवळं समजून नमस्कार करणारं आमच्यासारखं गाव दुसरं नसेल. पुजाऱ्याचं घर, त्यामुळं कुणाच्या मनात शंकाच आली नाही. थंडीत वहिनींचे हात फुटायचे, रक्त यायचं, तर बायका म्हणायच्या, "देवाचं करतात ना, पाणी लागतं हाताला." देवाचं कुठलं! धुता धुता देवघरापर्यंत पोचायलाच त्यांना दुपार व्हायची. नैवेद्य अण्णा दाखवायचे.

मागच्या वर्षी हात फारच चिघळले म्हणून आम्ही त्यांना सोलापूरला कातडीच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी हात उलटसुलट करून बघितले आणि मलम लिहायच्या आधी विचारलं, "बाई, एवढं का धुता?"

वहिनी खाली बघत म्हणाल्या, "थांबता येत नाही."

हे वाक्य त्यांच्या तोंडून आम्ही पहिल्यांदा ऐकलं. अण्णांनी चष्मा काढून पुसला, लावला, परत काढला. कातडीच्या डॉक्टरांनी आम्हाला वरच्या मजल्यावर मनाच्या डॉक्टरीणबाईंकडं पाठवलं. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, ओसीडी. मनात एक भीती घुसून बसते. वहिनींची भीती अशी, की आपल्या हातून घरात काहीतरी घाण येईल आणि त्यानं आपलंच कुणीतरी दगावेल. ती भीती घालवायला माणूस तीच तीच गोष्ट करत राहतो. घटकाभर बरं वाटतं, की परत भीती हजर. त्याला गोळ्या आहेत आणि गोळ्यांबरोबर सराव आहे. सराव सांगायला सोपा. भीती आली की धुवायचं नाही, बसून राहायचं. ती चढते, चढते, आणि आपण काही केलं नाही तरी आपली आपण उतरते.

"खरंच उतरते?" मी विचारलं. माझा असल्या गोष्टींवर पटकन विश्वास बसत नाही.

"उतरते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फक्त तिला वेळ द्यायचा."

वहिनींनी सराव मनावर घेतला. हळूहळू तांब्या स्वयंपाकघरात गेला. मग बादली दारातून मागच्या मोरीत गेली. ज्या दिवशी मी ऑफिसातून येऊन थेट चपला काढून आत आले, त्या दिवशी मला आमचं घर कुणा दुसऱ्याचंच वाटलं. आत येऊन काय करायचं ते सुचेना, म्हणून उगाच चहा टाकला.

सगळं सुरळीत चाललं होतं आणि अक्षराला दिवस गेले.

अक्षरा ही वहिनींची एकुलती एक. आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीला दिली आहे. जावई श्रीनाथ तिथं खताचं दुकान चालवतात, मुलगा सरळ आहे. पंचमीला अक्षरा माहेरी आली आणि वहिनींच्या आजारानं परत उचल खाल्ली. आता भीती दुप्पट झाली, कारण पोटात बाळ. ती यायच्या आदल्या दिवशी बादली मोरीतून परत दारात आली. पोरीनं प्रवासातून आल्या आल्या पाय धुतले, हात धुतले, मग अंघोळ केली. मग तिनं बाहेरच्या कठड्याला हात लावला म्हणून परत अंघोळ. दुसऱ्या अंघोळीला ती न्हाणीघरात घेरी येऊन खालीच बसली. वहिनी दाराबाहेर उभ्या, घामानं डबडबलेल्या, आणि आत जाऊन तिला उचलायचं तर हात पुढं होत नाहीत. शेवटी मी उचललं.

दुसऱ्या दिवशी अक्षरा परत गेली. जाताना रागावली नाही, तेच वाईट. म्हणाली, "आई, बाळंतपण मी वाशीलाच करते. तुझ्यासाठीच म्हणते गं. बाळ आलं की तुझा त्रास वाढेल."

पहिलं बाळंतपण आणि माहेरी नाही! गल्लीतल्या बायकांना काय सांगायचं ते मी बघून घेतलं असतं, माझ्या तोंडाला कुणी लागत नाही. पण वहिनी त्या दिवसापासून जेवायला बसल्या की पहिला घास हातात धरून बसायच्या. एकदाच म्हणाल्या, "माझ्या लेकीला माझ्याच घरात यायची भीती वाटते."

आता माझी लेक देवश्री. ती मानसशास्त्र शिकली, धाराशिवला समुपदेशक आहे. तिच्या डोक्यात पदयात्रेचं आलं. ओसीडीची माहिती लोकांना द्यायची, निधी जमवायचा, आणि त्या निधीतून महिन्यातून एकदा तालुक्यांच्या गावी मनाचे डॉक्टर बसवायचे, म्हणजे प्रत्येकाला सोलापूर गाठायला नको. तामलवाडीहून तुळजापूरपर्यंत चालायचं, तेही ऑक्टोबरात, कोजागिरीच्या आधीच्या रविवारी.

"अगं ए शहाणे," मी म्हटलं, "त्या रस्त्यावर त्या दिवसांत कोण चालतं माहीत आहे ना?"

"आई, जगभरात ओसीडीचा आठवडा ऑक्टोबरातच असतो."

"जगाला पौर्णिमा माहीत नसेल. आपल्याला आहे."

ऐकते कशाची. शिकलेल्या मुलांना आपण सांगितलेलं ऐकू येत नाही, तो वेगळा आजार आहे. तिनं मोरपंखी रंगाच्या टोप्या शिवून घेतल्या, जगभरात म्हणे या कामाचा तोच रंग. घोषणा लिहिल्या. पत्र्याच्या पेट्या रंगवून घेतल्या. आणि एका संध्याकाळी वहिनी म्हणाल्या, "मी येणार."

तामलवाडी ते तुळजापूर म्हणजे अख्खा दिवस बाहेर. रस्त्याची धूळ, परक्यांचे धक्के, मिळेल तिथं पाणी, मिळेल तिथं बसणं. वहिनींनी बारा वर्षांत बाहेरचं पाणी प्यायलं नव्हतं.

"मला अक्षराला बोलवायचंय," त्या म्हणाल्या. "पण आधी माझ्या मनाला कळू दे, की बोलवण्याजोगी मी आहे का. त्या दिवसभरात हात धुतले नाहीत, तर फोन करीन. धुतले तर नाही."

अण्णा वर्तमानपत्रातून वर न बघता म्हणाले, "मीही येतो." झालं. मग मलाही जावंच लागलं.

रविवारी उजाडता आम्ही तामलवाडीत जमलो. बरीच मंडळी होती. देवश्रीचे सहकारी, काही कॉलेजची मुलं, काही पेशंट आणि त्यांच्या घरचे. त्यात नळदुर्गचे सिद्धाराम म्हणून एक किराणा दुकानदार होते. त्यांचा ओसीडी कुलपाचा. शटर लावून घरी निघायचे आणि निम्म्या वाटेतून परत, कुलूप लागलं का बघायला. मला म्हणाले, "आज किल्ली बायकोकडं देऊन आलोय बघा. हात रिकामा रिकामा वाटायलाय." मला माणूस आवडला.

उद्घाटनाला एक पाहुणे बोलावले होते. कोण ते जाऊ दे. त्यांनी नारळ फोडला आणि भाषण केलं, "ओसीडी म्हणजे स्वच्छतेची अतिशय आवड. मी तर म्हणतो, प्रत्येकाला थोडा ओसीडी असलाच पाहिजे, म्हणजे आपली गावं स्वच्छ राहतील!" टाळ्याही पडल्या. देवश्रीचा चेहरा पांढराफटक. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. या बाबाच्या घरी ती बादली महिनाभर ठेवून द्यावी असं मनात आलं. पण वहिनी चक्क हसत होत्या. टोपी अंबाड्यावर नीट बसवत माझ्या कानाशी म्हणाल्या, "चला आता. यांना आवड लागायच्या आत निघू."

निघालो. दोन्ही बाजूंनी सोयाबीनचे ढीग लागलेले, मळणी यंत्रांचा धुरळा रस्त्यावर येत होता. देवश्रीनं घोषणा दिली, "लाज सोडा, बोलते व्हा!" मुलांनी उचलून धरली. जरा पुढं गेलो तर टपरीवरून एक म्हातारा उठला, हात जोडले आणि खणखणीत ओरडला, "आई राजा उदो उदो!"

आणि आमची अख्खी पदयात्रा एका आवाजात, "उदो उदो!"

माझं तोंड तर माझ्या आधी उघडलं. तुळजापूरकरांचं ते हातात नसतं. देवश्री कपाळाला हात लावून उभी.

तिथून पुढं कुणी आमचं ऐकूनच घेईना. या दिवसांत तुळजापूरकडं तोंड करून जो चालतो तो देवीचा, हे इथं शेंबडं पोरही जाणतं. केळी आली, चहा आला, राजगिऱ्याचे लाडू आले. "औंदा लवकर निघालाव," लोक म्हणायचे. "देवी अजून निजलेली हाय की." दसऱ्यापासून पौर्णिमेपर्यंत आमची देवी निजते. मोरपंखी टोप्या बघून एकानं विचारलं, "नवीन मंडळ का?" आणि पेट्या! पेट्या दिसल्या की बायका कपाळाला हात लावून नोट टाकायच्या. देवश्री त्यांना माहितीचं पत्रक द्यायची, त्या ते पण कपाळाला लावून पदरात बांधायच्या.

"आई, हे चूक आहे," देवश्री मला म्हणाली. "त्यांना वाटतंय देवीचं आहे."

"पडू दे गं," मी म्हटलं. "चांगल्याच कामाला जातंय. देवी काय हिशेब मागायला येणार आहे?"

वहिनी शेजारून चालत होत्या. त्यांचे हात पदरात गुंडाळलेले होते. सकाळी एका बाईनं त्यांना कुंकू लावताना त्यांचा हात धरला होता, तेव्हापासून तसेच. कपाळावर घाम होता. अण्णा त्यांच्या पलीकडून चालत होते आणि मधून मधून नुसतं म्हणत होते, "उतरेल."

उन्हं चढली तशी एका वस्तीपाशी थांबलो. रस्त्यालगत चिंचेचं झाड, खाली खाट, मागं सोयाबीनचा ढीग. तिथून एक म्हातारी तरातरा आली. धुरपदाबाई तिचं नाव. अंगावर भुसा, हात कोपरापर्यंत मातीनं भरलेले. तिनं काही न विचारता वहिनींना धरून खाटेवर बसवलं.

"बस माय. देवीच्या वाटंचं पाय हायेत, धुते म्या."

आणि ओरडली, "बलभीम, बादली आण रं!"

तिचा मुलगा बादली घेऊन आला. चांगला तिशीचा, दणकट. पण बादली! मी बघितलं होतं, आत्ताच त्याच बादलीतून म्हैस पाणी पीत होती. काठाला तिची लाळ अजून लोंबत होती. मी वहिनींकडं पाहिलं. त्यांनीही पाहिलं होतं.

धुरपदाबाईनं त्यांचा पाय मांडीवर घेतला आणि त्या पाण्यानं चोळून चोळून धुवायला लागली. वहिनींचा चेहरा असा झाला, की मी पुढं सरसावले, म्हटलं आता हिला सरळ बाजूला करते. अण्णांनी माझ्या दंडाला धरलं. "थांब," म्हणाले. दीर असून त्यांनी मला हात धरून थांबवलं, हे आमच्या घरात पहिल्यांदाच झालं असेल.

पाय धुऊन झाले. म्हातारीनं हळद-कुंकू लावलं, डोकं पायावर टेकवलं. मग कनवटीची घडी घातलेली नोट काढून पेटीत टाकली आणि विचारलं, "कशाचा नवस हाय माय?"

मला वाटलं आता उठतील आणि नळ शोधतील. संपलं, फोन काही व्हायचा नाही.

"मावशी," वहिनी म्हणाल्या, "माझा नवस नाही. मी आजारी आहे."

"आं?"

"पाया पडण्याजोगी नाही मी. ही सगळी माणसं देवीला चाललेली नाहीत. तुमची नोट परत घ्या."

देवश्री मोबाईलवर चित्रण करत होती, तिचा हात तसाच राहिला. मीही पुटपुटले, "वहिनी, असू द्या की."

वहिनी माझ्याकडं वळल्या. इतक्या वर्षांत त्या माझ्यावर कधी चिडल्या नव्हत्या, तेव्हा चिडल्या. "नाही असू द्यायचं! पंचवीस वर्षं देवीच्या नावावर खपलं माझं. लोक सोवळं सोवळं म्हणून पाया पडत राहिले आणि मी आत मरत राहिले. तेव्हा कुणी एकानं जरी म्हटलं असतं, की बाई, हा आजार आहे, तर माझी लेक माझ्या अंगाखांद्यावर वाढली असती. आता परत देवीच्या नावावर नाही."

मळणीवरच्या बायकाही येऊन उभ्या राहिल्या. मग वहिनींनी त्यांना सगळं सांगितलं. भाषण नव्हतं ते. बादली कशी होती, हात कसे फुटायचे, लेक घेरी येऊन पडली तेव्हा आपण दारात कशा उभ्या राहिलो. "आत्ता सुद्धा," त्या म्हणाल्या, "मावशी, तुम्ही एवढ्या मायेनं पाय धुतले, आणि माझं मन सांगतंय, ऊठ, जाऊन धू, नाहीतर तुझं नातवंड जगायचं नाही. हे खोटं आहे हे मला कळतं. तरी सांगतंय. याला ओसीडी म्हणतात. याला औषध आहे."

धुरपदाबाईनं मातीचे हात लुगड्याला पुसले. मग तिनं मागं वळून मुलाकडं बघितलं. बलभीम बादली घेऊन तिथंच उभा होता.

"ह्येचं बी तसंच हाय काय गं माय?" ती हळूच म्हणाली. "ह्यो मोटारीचं बटण बगाया जातोय. बंद केलं का न्हाय, बंद केलं का न्हाय. घरला येतो, ताटावर बसतो, की पुन्हा रानात. म्या म्हनलं कुणी करणी केली. दोन कोंबडी गेली त्यात."

"तीन," बलभीम खाली बघत म्हणाला.

आमचे सिद्धाराम गर्दीतून पुढं आले. "बटण बंद दिसतंय तरी वाटतंय चालू हाय?" त्यांनी विचारलं.

"व्हय," बलभीम म्हणाला. "डोळ्यानं दिसतंय. पण खरं वाटत न्हाय."

"माझं कुलपाचं तसंच हाय बघ." सिद्धारामांनी त्याच्या हातातली बादली काढून खाली ठेवली आणि त्याच्या खांद्यावर हात टाकला. दोघं झाडाच्या पलीकडं जाऊन बसले. काय बोलले ते मी ऐकलं नाही. पण थोड्या वेळानं तो दणकट गडी जोरात हसला, तेव्हा धुरपदाबाईनं पदर डोळ्याला लावला. "लई दिसानं हसला," म्हणाली.

वहिनींनी पेटीचं झाकण उघडायला लावलं, देवश्रीला म्हणाल्या, ज्यांना परत हवं त्यांना दे. धुरपदाबाई खवळली. "घातलेलं काढत्यात व्हय? डॉक्टर बसवा म्हणावं तामलवाडीला. पयला नंबर माज्या बलभीमचा." आणि उभ्या असलेल्या बायकांनी एकेक करून आणखी टाकले. या वेळी कपाळाला हात न लावता. एक तरणी सून तर देवश्रीला जरा बाजूला घेऊन गेली आणि बराच वेळ कुजबुजत राहिली.

निघताना म्हातारीनं वहिनींच्या पदरात भुईमुगाच्या ओल्या शेंगा ओतल्या. आत्ताच उपटलेल्या, मातीसकट. "पोटुशी लेक हाय म्हणलीस न्हवं? तिला दे. ताज्या हायेत."

वहिनी त्या शेंगांचा ओचा पोटाशी धरून चालू लागल्या. हात मातीत. घाट चढून वर येईपर्यंत त्यांनी ना ओचा सोडला, ना हात धुतले. पाण्याचा टेम्पो मागं आमचे हे चालवत होते, त्यांनी विचारलं, "वहिनी, पाणी?" वहिनींनी मान वर करून बाटलीतलं पाणी घटाघटा प्यायलं. बाहेरचं. अण्णा दुसरीकडं बघायला लागले.

देवळापाशी समारोप झाला. तेच पाहुणे परत आले होते. यावेळी देवश्रीनं माईक त्यांना दिलाच नाही, सिद्धारामांना दिला. माझी लेक आहे शेवटी.

मग वहिनी, अण्णा, देवश्री आणि मी अशी चौघं घराकडं वळलो. वहिनी मला म्हणाल्या, "फोन लाव गं अक्षराला. माझे हात मातीचे आहेत."

मी फोन काढला आणि गल्लीच्या वळणावर थांबले. लावायची गरज नव्हती.

अक्षरा आमच्या पायरीवर बसली होती. पोट सांभाळत, भिंतीला टेकून. समोर श्रीनाथची गाडी. देवश्रीनं दुपारीच घरच्या ग्रुपवर चिंचेखालचं चित्रण टाकलं होतं, ते बघून पोरगी तशीच वाशीहून निघाली. आणि तिच्या पायाशी ती बादली. काठोकाठ भरलेली, तांब्या शेजारी. पंचमीनंतर बादली परत मोरीत गेली होती, ती परसातून फिरून ओढून आणून तिनंच भरून ठेवली होती.

"आई, दिवसभर दमलीस," ती म्हणाली. "तुला घरात जायला अवघड नको म्हणून भरून ठेवली. मी अजून आत गेले नाही."

या पोरीचं मी काय करू? जिच्यापायी घेरी येऊन पडली, तीच बादली आईसाठी भरून बसली.

वहिनी बादलीसमोर उभ्या राहिल्या. पाण्याकडं बघत होत्या. ओचा त्यांनी पोटाशी आणखी आवळला, आणि मला कळलं, आत्ताची भीती सगळ्यात मोठी आहे, कारण आता लेक समोर आहे. अण्णा चार पावलं मागं थांबले. मीही तोंड मिटून उभी राहिले, आणि ते मला किती जड जातं हे ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे.

वहिनी वळल्या आणि पायरीवर अक्षराच्या शेजारी बसल्या. अगदी खेटून.

"आई?"

"बस जरा. चढलीय. उतरेल."

दोघी बसून राहिल्या. गल्लीतून लोक येत जात होते, कुणी विचारलं, "काय वहिनी, आत नाही जायचं?" तर वहिनी म्हणाल्या, "जायचंय. वाट बघतेय." अक्षरानं आईच्या ओच्यात पाहिलं. शेंगा! तिचे डोळे चमकले. डोहाळेच ते. तिनं एक शेंग उचलली, माती नुसती साडीला पुसली, दातानं फोडली आणि खाल्ली. मग दुसरी. मग तिसरी दातानं फोडली, आतले दोन दाणे तळहातावर घेतले आणि आईपुढं धरले.

लहानपणी अक्षरा असा हात पुढं करायची. अर्धा चावलेला पेरू, चिकट गोळी. "आई, आ कर." वहिनी मागं सरायच्या. मग पोर तो घास माझ्या तोंडात घालायची आणि आईकडं बघत राहायची. पुढं पुढं तिनं हात पुढं करणंच सोडलं.

वहिनींनी लेकीचा हात धरला, आपल्या मातीच्या हातानं, आणि ते उष्टे दाणे तोंडात टाकले. चावले. डोळ्यांतून पाणी गालावर, गालावरून हनुवटीवर. पुसायलाही हात वर नेला नाही.

"गोड आहेत," म्हणाल्या.

मग उठल्या. "उतरली. चल आत." आणि उंबऱ्यावरून मागं वळून, "कपडे आणलेस का? की नुसतीच आलीस?"

"गाडीत बॅग आहे," अक्षरा म्हणाली. "मोठी."

दोघी धुळीच्या पायांनी आत गेल्या. फरशीवर मातीचे पाय उमटले, हळद-कुंकवाचे लाल-पिवळे डाग त्यांत मिसळलेले. अण्णांनी बादली उचलली. नेहमीसारखी पहाटेची नव्हे, संध्याकाळची. अंगणातल्या जास्वंदीच्या बुडाशी सगळं पाणी ओतलं आणि रिकामी बादली तिथंच उपडी घातली.

मी मात्र सरळ मागच्या नळावर गेले. खरं सांगते, दिवसभराची धूळ, घाम, म्हशीची ती बादली, मला राहवेना. साबण घेतला आणि चांगले खसाखसा हात धुवायला लागले.

आतून वहिनींचा आवाज आला. "अगं, किती धुशील? ये, बस इथं. शेंगा संपतील."